हेमलाचं बोट

आसेगावच्या अलीकडे, पळसाच्या रानाला टेकून बंजाऱ्यांचा एक लहानसा तांडा होता. हेमला त्या तांड्यातला. जनावराला हात लावताना तो डोळे मिटून घ्यायचा, ही त्याची खूण. बैल आडवा पाडलेला, चार माणसं पाय धरून बसलेली, मालकाचा जीव टांगणीला लागलेला, आणि हेमला मान एका बाजूला कलती करून उजव्या हाताचं मधलं बोट बैलाच्या पोटाखालून हळूहळू सरकवत असायचा. लांबून कुणाचं गाणं येत असलं की माणूस ते ऐकायला जसा थांबतो, तसा तो मध्येच थांबायचा. मग म्हणायचा, "अथी हाय." आणि तिथंच असायचं. आत दबलेला काटा, निखळलेलं हाड, मूत अडवून बसलेला खडा.

"हेमलाच्या बोटाले डोये हायत," पंचक्रोशीतले लोक म्हणायचे.

मुतखड्यात तर त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. बैलाचं मूत अडलं की पोट फुगतं आणि दोन-तीन दिवसांत खेळ संपतो. हेमला बोट तुपानं माखायचा, कातड्याखाली तो खडा शोधायचा आणि सरकवत सरकवत खाली आणायचा. येईनाच, तर वस्तऱ्यानं नखाएवढी चीर देऊन खडा चिमटीत काढायचा आणि वर हळद नि राख दाबायचा. असे अकरा खडे कमरेच्या बटव्यात त्याने जपून ठेवले होते. कुणी विचारलं की तळहातावर मांडून सांगायचा, हा शेलूच्या पाटलाच्या पांढऱ्या बैलाचा, हा मंगरूळच्या तेल्याच्या घाण्यावरचा. या कामाचं तो काही घेत नसे. फक्त खडा मागून घ्यायचा.

ही विद्या त्याच्या आजाची. आजा लदेणीवर होता. दोन-दोनशे बैलांच्या पाठीवर मिठाच्या आणि धान्याच्या गोण्या लादून तो मुलूखभर फिरला. पुढे सडका झाल्या, आगगाडी आली, गोण्यांना गिऱ्हाईक उरलं नाही. बैल विकले गेले आणि माणसं दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला जाऊ लागली. त्या सगळ्या चालण्यातून हेमलाच्या वाट्याला दोनच गोष्टी आल्या. एक हे बोट, आणि दुसरी कुत्र्यांची एक ओळ. तांड्याच्या पुढेमागे धावणारी ही कुत्री लांब तोंडाची, अंगानं सडसडीत, कानांवर रेशमी झालरीसारखे केस असलेली. बाकीच्यांची कुत्री गावच्या कुत्र्यांत मिसळून गेली होती. हेमलाकडे मात्र एक राहिला होता, काबऱ्या. राखाडी अंगावर काळे ठिपके. वय नऊ वर्षं. संध्याकाळी हेमला दारात बसला की काबऱ्या त्याच्याकडे पाठ करून, तोंड रानाकडे ठेवून बसायचा. लदेणीची कुत्री अशीच बसत, असं आजा सांगायचा. मालकाकडे बघत बसतं ते भाकरीचं कुत्रं, आणि बाहेर बघत बसतं ते राखणीचं.

सदतीस सालच्या थंडीत, कापसाच्या गाड्या सडकेनं जाऊ लागल्या होत्या आणि बाभळींच्या काट्यांना कापसाचे पुंजके लटकत होते, तेव्हा एका सकाळी काबऱ्या दारापुढच्या मेखेजवळ पाय वर करून उभा राहिला तो उभाच राहिला.

"अवो," हेमलाची बायको भुरीबाई चुलीपासून म्हणाली, "त्या कुत्र्याकडे पाह्यता का? कवाचा उभा हाय. मेख नवी दिसून राह्यली का त्याले?"

हेमलाने पाहिलं. काबऱ्याने पाय खाली घेतला, चार पावलं टाकली, पुन्हा वर केला. मातीवर दोन थेंब पडले. दुसरा लाल होता.

हेमला उठला आणि शेताच्या बांधावरून वाळलेले सराटे गोळा करून आणले. सराट्याचा काढा आणि कुळथाचं पाणी हा बैलाचा उपाय. पोटात पाणी भरपूर गेलं की जोर बसतो आणि खडा पुढे ढकलला जातो. बांबूच्या नळीने त्याने तो काढा काबऱ्याच्या घशात ओतला, दुपारी पुन्हा ओतला, वर लोटाभर ताक पाजलं. काबऱ्याने सगळं गिळलं. हेमलाने दिलेलं त्याने कधी नाकारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी थेंबही बंद झाले. पोट आवळलेल्या पखालीसारखं टणक लागू लागलं. काबऱ्या बसेना, नीट उभाही राहीना, पाठीची कमान करून भिंतीला डोकं लावून राहिला. तेव्हा हेमलाने त्याला कुशीवर निजवलं, बोट तुपात बुडवलं आणि डोळे मिटले.

फार शोधावं लागलं नाही. कातड्याखाली बोटाला कडक लागलं. लांबट, पक्कं, करंगळीच्या दोन पेरांएवढं.

"अथी हाय," तो म्हणाला. मग डोळे उघडून भुरीबाईकडे बघत राहिला. "एवढा मोठा खडा म्या बैलातबी नाई पाह्यला."

"निंघन ना?"

"अकरा निंघाले. हा बारावा."

त्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत हेमला तो खडा खाली सरकवत बसला. तूप लावून, कोमट पाण्याचा शेक देऊन, अंगठ्याने दाबून. खडा जागचा हलेना. जागा सुजली, लाल झाली. तिसऱ्या प्रहरी काबऱ्याने मान वळवली आणि हेमलाचं मनगट तोंडात धरलं. दात रुतवले नाहीत. नुसतं धरलं आणि मालकाच्या तोंडाकडे पाहिलं. नऊ वर्षांत तो त्याच्याकडे तोंड करून असा कधी बघत राहिला नव्हता.

हेमलाने हात सोडवून घेतला आणि पुन्हा दाबू लागला.

भुरीबाईने कोपरापर्यंतच्या बांगड्या मागे सारून पोहरादेवीच्या दिशेने हात जोडले आणि नारळ बोलली. मग म्हणाली, "त्याले जरा इसावा तं द्या. तुमी त्याले धुणं पिळल्यावानी पिळून राह्यले."

"तुले काय समजते त्यातलं?"

"मले काईच नाई समजत. त्याच्या डोयातलं पानी दिसते तेवढं."

तिसऱ्या दिवशी उजाडताच हेमलाने दगडावर वस्तरा पाजळला. काबऱ्या आता ओकत होता. सराट्याच्या काढ्यासारखंच हिरवट पाणी. पाय धरायला देवला आला. देवला हेमलाच्या बरोबरीचा, लहानपणापासूनचा सोबती. तोंडाने फाटका, पण बोलावल्यावर पहिला येणारा. त्याच्यामागे तांड्यातली आणखी दोन-चार माणसं येऊन उभी राहिली. हेमला खडा काढतो ते बघायला माणसं नेहमीच जमत.

काबऱ्याचं तोंड फडक्याने बांधलं. देवलाने मागचे पाय धरले. हेमलाने उजव्या हातात वस्तरा घेतला, डावं बोट चीर द्यायच्या जागेवर ठेवलं आणि डोळे मिटले.

आणि थांबला.

पातं टेकवण्याआधी खड्याची कड कुठे संपते ते बघायला त्याने बोट एकदा खालच्या अंगाने फिरवलं होतं. खाली एक खाच लागली. घराच्या वळचणीला पन्हाळ असावी तशी सरळ, गुळगुळीत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेली. बटव्यातल्या अकरा खड्यांना तो झोपेतही ओळखू शकला असता. कुणी बोराच्या बीसारखा खरखरीत, कुणी चुनखडीसारखा भुसभुशीत. पन्हाळ एकालाही नव्हती.

"काय झालं?" देवला म्हणाला. "झोपला का काय बे?"

"देवला, तुहा लाल्या आण."

"लाल्या? त्याचं काय काम?"

"आण म्हंतो ना."

देवलाने शीळ घातली. लाल्या शेपूट हलवत आला, उताणा केला तसा खेळ समजून पाय झाडू लागला. हेमलाने डोळे मिटून त्याच्या पोटाखाली बोट लावलं. लांबट, पक्कं, करंगळीच्या दोन पेरांएवढं. खाली पन्हाळ.

"यालेबी हाय," हेमला म्हणाला.

"काय हाय?"

"तेच. तेवढंच."

"म्हंजे माह्या लाल्यालेबी मुतखडा?" देवलाने पाय सोडले. "लेका, त्यानं पहाटंपासून माह्या गाडीची दोन्ही चाकं भिजवली, तुह्या घराचा कोपरा भिजवला, अन् आता माहं धोतर भिजवून राह्यला. याले मुतखडा असन तं मले मूल व्हाचं हाय!"

माणसं हसली. हेमला हसला नाही. त्याने तिसरं कुत्रं आणायला लावलं. म्हातारं, शेजारच्या झोपडीतलं. मग चौथं. तोवर हसणं आपोआप थांबलं होतं.

"हाड हाय हे," हेमला म्हणाला. "साऱ्यायले असते."

 भुरीबाईने हळूच विचारलं, "तुमाले ठाव नव्हतं?"

तिने टोमणा मारला नव्हता, म्हणून तो प्रश्न जास्त लागला. साठ वर्षं तो कुत्र्यांत वाढला, कुत्र्यांच्या उबेला निजला. पण कुत्रं आजारी पडलं तर रानात जाऊन गवत खायचं, बरं व्हायचं किंवा परत यायचं नाही. त्याच्यावर बोट फिरवावं असं आजाच्या मनातही कधी आलं नसेल. बोट बैलांसाठी होतं.

"बैलाले नसते," एवढंच तो म्हणाला.

वस्तरा त्याने घडी करून खाली ठेवला. काल दिवसभर त्या हाडावर दाबलेला अंगठा धोतराला पुसला, पुन्हा पुसला. खडा दुसरीकडे कुठेतरी होता आणि पोटात काढा भरला होता. त्यानेच, नळी लावून, घशात हात घालून ओतलेला.

"मंगरूळले नेतो," तो म्हणाला.

देवलाने मान वर केली. "त्या सुईवाल्याकडे?"

दीड वर्षापूर्वी गुरांत बुळकांडीची साथ आली होती. मंगरूळपीरच्या गुरांच्या दवाखान्याचा डॉक्टर टोचणी करायला तांड्याच्या तोंडाशी आला, तेव्हा हेमला आडवा उभा राहिला होता. निरोग्या गाईच्या अंगात रोग कायले घालता, म्हणाला होता. लोकांनी त्याच्या बोटाकडे बघून डॉक्टरला परतवून लावलं. त्या महिन्यात तांड्यातली एकवीस जनावरं गेली. दोन देवलाची. देवलाने त्यावर एक शब्द काढला नव्हता. तांड्यात कुणीच काढला नव्हता.

"व्हय," हेमला म्हणाला. "त्याच्याचकडे."

गाडीचे हादरे त्या पोटाला सोसले नसते. म्हणून गोधडीची झोळी केली, बांबूला बांधली आणि दोघा म्हाताऱ्यांनी बांबू खांद्यावर घेतला. भुरीबाई लोटा घेऊन मागे निघाली.

"ते पाणी राहू दे," हेमला तिला म्हणाला. "त्याच्यात आता पाण्याले जागा नाई."

तुरीच्या शेतांमधून पायवाट सडकेला लागली. सडकेवर कापसाच्या गाड्यांची रांग होती. झोळी बघून पुढच्या गाडीवानाने कासरा ओढला, गाडी कडेला घेतली आणि खाली उतरला. "कोण हाय वो? बाई अडली का?"

"नाई," देवला म्हणाला. "कुत्रा हाय."

"कुत्रा?" गाडीवानाने मागच्याला हाक दिली. "अरे, पाह्य इकडं! दोघं बुढे कुत्र्याले खांदा देऊन राह्यले!"

"तोंड सांभाळ," देवला चालता चालताच म्हणाला. "खांदा मेल्याले देतात. हा जिता हाय."

हेमलाने एक हात मागे करून झोळीत ठेवला होता. गोधडीतून त्याच्या बोटांना श्वास लागत होता, आखूड, भराभर. प्रत्येक खड्ड्याला काबऱ्या कण्हायचा. पहिला कोसभर त्याने ते कण्हणं मोजलं. मग मोजणं सोडून दिलं. आता त्याला एकच भीती वाटत होती, ते कण्हणं थांबेल याची.

दवाखाना म्हणजे गावाबाहेर, कडुनिंबाखाली, पत्र्याची एक खोली आणि पुढे गुरं अडकवायची लाकडी चौकट. ते पोचले तेव्हा दुपार कलली होती. डॉक्टर दौऱ्यावर गेला होता, उद्या दुपारी येणार होता. आत कंपाउंडर होता, पंजाबराव. गावातल्या माळ्यांच्या वाडीतला पस्तिशीचा माणूस. तो बाटल्या पुसत होता. त्याने झोळी पाहिली, मग हेमलाला पाहिलं आणि फडकं खाली ठेवलं.

"तुमी आसेगावकडचे नाईक ना? बुळकांडीच्या साली आमाले तांड्यात पाय टाकू देल्ला नव्हता. पेटी डोक्यावर घिऊन मी पाच कोस उन्हात परत आलो."

"व्हय. मीच तो."

"अन् आज?"

"आज कुत्रा आणला," हेमला म्हणाला. मग, जे सांगितलं नाही तर पुढचं काहीच नीट होणार नाही ते सांगायचं म्हणून, एका दमात बोलला, "मूत बंद हाय. परवा म्या त्याले काढा पाजला. काल दिवसभर हाडाले खडा समजून दाबलं. आज चिरतच होतो."

पंजाबरावाने काबऱ्याच्या पोटाला हात लावला आणि त्याच्या चेहऱ्यावरचा राग उतरून गेला. रागाच्या जागी जे आलं ते हेमलाला जास्त वाईट दिसलं.

"फुटाले आलं हाय हे," पंजाबराव पुटपुटला. "डाक्टरसाहेबांनी एकडाव असं एका साहेबाच्या कुत्र्याचं केलं होतं. मी फकस्त भांडं धरलं होतं, नाईक. मले अधिकार नाई."

"उद्यापर्यंत टिकन का तो?"

पंजाबरावाने नकारार्थी मान हलवली.

"मंग भांडं मी धरतो," हेमला म्हणाला.

पंजाबरावाने सुया उकळल्या. काबऱ्याला मेजावर निजवलं, देवलाने पुढचे पाय धरले, भुरीबाईने डोकं मांडीवर घेतलं. पोटाच्या खालच्या अंगाला केस कापून औषध लावलं आणि पंजाबरावाने लांब सुई हातात घेतली. नेमकी कुठे घालायची ते त्याला ठरवता येईना. दीड वर्षापूर्वी ज्या सुईला हेमला आडवा झाला होता, तसलीच ती होती, तिच्याहून लांब. हेमलाने काबऱ्याच्या कातडीवर आपलं बोट ठेवलं, डोळे मिटले आणि म्हणाला, "अथी सर्वात वर आलं हाय. अथी घाला."

सुई आत गेली. तिच्या मागच्या टोकातून आधी काही आलं नाही. मग काळसर लाल धार लागली. चिनी मातीच्या भांड्यात ती पडत राहिली, एक भांडं भरलं, दुसरं लावलं. भुरीबाई तोंडावर पदर घेऊन बघत होती. पोट बोटाखाली सैल होत गेलं. काबऱ्याने एक लांब श्वास सोडला, तीन दिवसांतला पहिला.

"आता खडा," पंजाबराव म्हणाला. त्याने एक बारीक मऊ नळी तेलात बुडवून काबऱ्याच्या मूत्रवाटेत सरकवली. थोडी आत गेली आणि अडली. "हे पाहा. तुमी म्हंता ते हाड अथी संपते. हाडाच्या पन्हाळीतून वाट जाते, अन् पन्हाळीचं तोंड बारीक. खडा तिच्या मागं येऊन बसला हाय. तो पुढं येनारच नाई, कितीबी दाबा. त्याले मागं ढकला लागते, पोटात."

"मागं?" हेमला म्हणाला. आयुष्यभर त्याने खडे पुढे आणले होते.

"नळीतून पाणी मारतो. पण पाणी खड्याच्या बाजूनं निसटून जाते. आतून वाट दाबून धरा लागते, मागच्या अंगानं बोट घालून. वाट पाण्यानं फुगली की सोडा लागते, एकदम. डाक्टरसाहेब धरतात." तो थांबला. "मले ते बोटाले समजत नाई."

हेमलाने हात धुतला, बोट तेलात बुडवलं आणि आत घातलं. बैलांत हे त्याने कितीदा केलं होतं. इथे सगळं लहान होतं, पण कमरेच्या हाडाच्या कमानीवरून जाणारी ती वाट बोटाला लगेच भेटली. त्याने ती दाबून धरली.

पहिल्यांदा पाणी बाहेर उसळलं. दुसऱ्यांदा काबऱ्या ओरडला आणि देवलाच्या हातून पाय सुटला. तिसऱ्यांदा हेमलाच्या बोटाखाली वाट फुगत आली, पखालीचं तोंड आवळून धरल्यावर फुगतं तशी, आणि त्याने बोट उचललं. काहीतरी बोटाला घासून गेलं. इवलंसं, तुरीच्या दाण्याएवढं, मागे.

"गेला," तो म्हणाला.

नळी सरळ आत गेली. तिच्यातून मूत वाहू लागलं, कुणी न अडवलेलं. देवला मटकन खाली बसला आणि म्हणाला, "एवढ्याशा दाण्यापायी!"

दिवेलागणीला पंजाबराव काबऱ्याच्या तोंडाशी वाकला, श्वासाचा वास घेतला आणि उठला. हेमलानेही वाकून घेतला. मुताचा वास येत होता.

"रक्तात गेलं ते," पंजाबराव खालच्या आवाजात म्हणाला. "डाक्टर येतीन, पोट उघडून खडे काढतीन. तवरोक टिकला तं टिकला."

"एक दिस आधी आणला असता तं?"

पंजाबराव बाटल्यांच्या कपाटाकडे वळला. "झोपा आता, नाईक," तो म्हणाला.

उजाडलं तेव्हा काबऱ्या उभा होता. पाय थरथरत होते, पण उभा होता. भुरीबाईने हाक मारली तर त्याने कानांची झालर हलवली. तो खोलीबाहेर गेला, उन्हाच्या पहिल्या पट्ट्यातून हळूहळू चालत त्या लाकडी चौकटीपाशी गेला, पाय वर केला आणि मुतला. लांब, स्वच्छ, तुटक नसलेली धार.  मग काबऱ्या हेमलापाशी आला, त्याच्याकडे पाठ केली, सडकेकडे तोंड करून बसला. थोड्या वेळाने आडवा झाला. हेमलाचा हात त्याच्या बरगडीवर होता. ऊन डोक्यावर आलं, तेव्हा हाताखाली श्वास उरला नव्हता.

डॉक्टर आला तेव्हा तिघं तसेच बसले होते. पंजाबरावाने त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. डॉक्टर हेमलासमोर येऊन उभा राहिला. त्याने ओळखलं होतं, ते दिसतच होतं.

"तुम्ही लोक वेळेवर का येत नाही?" तो म्हणाला. दमलेल्या माणसाचा आवाज होता.

"साहेब," हेमला म्हणाला, "मले ते दाखवा. कोठी हाड, कोठी वाट, कोठी खडा. म्या डोये मिटून पाह्यलं. आता उघडून पाहाचं हाय."

भुरीबाई उठून कडुनिंबाच्या पलीकडे गेली. डॉक्टरने कोट काढला आणि बाह्या वर केल्या. त्याने हेमलाला काबऱ्याच्या देहात सगळं दाखवलं. खडे आठ होते, पिवळसर, गुळगुळीत, त्यांतला तुरीएवढा कोणता ते हेमलाने आपणच उचलून दाखवलं. हाड करंगळीएवढं होतं. डॉक्टरने त्याच्या पन्हाळीतून सुई ओढून दाखवली. मग देह नीट शिवला, कारण हेमलाला तो अख्खा घरी न्यायचा होता. खडे त्याने मागितले नाहीत. हाड मागितलं.

पळसाच्या रानात काबऱ्याला पुरलं, तोंड बाहेरच्या बाजूला करून. दुसऱ्या दिवशी हेमला ओढ्यावर गेला आणि बटव्यातले अकराही खडे पाण्यात टाकून आला. कोणता कुणाचा, हे त्याने त्या वेळी म्हटलं नाही. फाल्गुनात डॉक्टर टोचणीची पेटी घेऊन तांड्याकडे निघाला, तेव्हा पेटी सडकेपासून हेमलाच्या डोक्यावर होती. पहिली गाय देवलाची. तिची शिंगं हेमलानेच धरली. देवला म्हणाला, "घट्ट धर बे, बुढ्या, नाईतं मलेच टोचतीन." हेमलाने पकड आवळली.

हेमला त्यानंतर सात वर्षं जगला. बैलांवर बोट फिरवत राहिला. कुत्रं मात्र त्याने पुन्हा पाळलं नाही. संध्याकाळी दारात बसायचा तो रानाकडे तोंड करून.

त्या भागात कुणाचं कुत्रं मुतायला अडलं की सवयीने माणूस त्याच्याकडेच यायचा. हेमला कुत्र्याला हात लावायच्या आधी बटवा सोडायचा आणि करंगळीएवढं ते पांढरं हाड मालकाच्या तळहातावर ठेवायचा.

"हे बोटानं चांगलं पाहून घे," तो म्हणायचा. "खालची खाचबी पाह्य. हे साऱ्यायले असते, याले दाबाचं नाई. पाणीबी पाजू नको. आता येथी बसू नको, गाडी जुंप अन् मंगरूळले जाय."

माणूस उठायचा.

"अन् हाड देऊन जाय," हेमला मागून म्हणायचा.